घाटात दम सोडणारी पिकअप

धडगाव तालुक्यात, म्हणजे सरकारी कागदावरच्या अक्राणी तालुक्यात, माणूस आणि माल दोन्ही पिकअपवर चालतात. आमचूर, सीताफळे, किराणा, बांधकामाची सळई, ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघालेली कुटुंबे, आणि पाड्यावरून बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणलेला आजारी माणूससुद्धा. तळोद्याकडून यायचे तर चांदसैलीचा घाट आहे, आणि शहाद्याकडून आले तरी सातपुडा चढल्याशिवाय सुटका नाही. या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांत जुन्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांची एक तक्रार ठरलेली आहे. सपाटीवर गाडी झकास चालते, घाट लागला की दम सोडते. रेस दिली तरी ओढत नाही, झटके मारते आणि एखाद्या वळणावर बंद पडते. दहा मिनिटे थांबून सेल्फ मारला की पुन्हा चालू.

अशा वेळी पहिला निकालही ठरलेला असतो : ‘पंप गेला.’ मग पंप उतरवला जातो, घाट उतरून शहाद्याला किंवा नंदुरबारला दुरुस्तीला जातो, गाडी तोवर उभी राहते आणि भाडी बुडतात. पंप बसवून आणल्यावर गाडी त्याच चढावर पुन्हा तेच करते, असेही घडते. डिझेलचा दाब कमी पडण्याच्या तक्रारीत पंपावर संशय सर्वांत शेवटी जायला हवा. त्याच्या आधी टाकीपासून इंजिनापर्यंत अनेक स्वस्त जागा तपासायच्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक धडगावातच, साध्या पान्यांनी तपासता येतात.

मुळात दाब तयार कसा होतो हे समजले की निम्मे काम होते. पंप दाब बनवत नाही, तो डिझेल पुढे ढकलतो. पुढे वाट अडली की दाब चढतो. शेतातल्या पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, ते याच कारणाने. अंगठा ढिला केला तर दाब उतरतो, आणि मागून पाणीच कमी आले तर अंगठा कितीही घट्ट धरून उपयोग नाही. म्हणून दाब कमी मिळाला की दोनच प्रश्न विचारायचे. पंपापर्यंत पुरेसे डिझेल येते आहे का? आलेले डिझेल पुढे कुठे वाजवीपेक्षा जास्त निसटते आहे का? या दोन्हींचे उत्तर समाधानकारक मिळाले, तरच तिसरा प्रश्न पंपाच्या तब्येतीचा.

डिझेल गाडीत दाब दोन ठिकाणी असतो आणि गोंधळ इथेच होतो. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मुख्य पंपापर्यंत पोचवणारा फीड पंप हलक्या दाबावर काम करतो, जुन्या गाडीत साधारण एक ते दोन किलो. (मिस्त्री ज्याला किलो म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरवरचा भार. एक बार आणि एक किलो जवळजवळ सारखेच.) मुख्य पंप मात्र तेच डिझेल नोझल उघडेल इतके दाबतो. जुन्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात नोझल साधारण 180 ते 250 किलोला उघडते. कॉमन रेल इंजिनात आकडा हजाराच्या पुढे जातो. हलक्या बाजूला अर्धा किलो कमी पडला, तर जड बाजूचे सगळे गणित कोसळते. आणि धूळ, पाणी, हवा, कुजलेला पाइप हे सगळे शत्रू हलक्या बाजूलाच बसलेले असतात.

आधी या पंपाचा थोडा इतिहास. डिझेल इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात इंधन सिलिंडरमध्ये फवारायला दाबलेल्या हवेचा अवजड संच लागत असे. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश कंपनीने 1927मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचे कारखानदारी उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन मालमोटारीत सुटसुटीत बसू लागले. भारतात हे पंप बनू लागले ते 1951मध्ये बंगळुरूला स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीमुळे, म्हणजे मायकोमुळे. तिचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जातो आणि नाशिकचे मायको सर्कल आजही त्याच नावाने ओळखले जाते. कंपनीचे नाव 2008मध्ये बॉश झाले, पण जुने मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात. सातपुड्यात धावणारी बोलेरोसुद्धा नाशिकमध्ये घडते.

तपासणीची पहिली पायरी बॉनेट उघडण्याआधीची आहे : धूर पाहा. चढावर गाडी ओढत नाही आणि मागे काळा धूर सोडते, तर डिझेल पोचते आहे, हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल, टर्बोचा रबरी पाइप फाटला असेल. ओढत नाही आणि धूरही नाही, तर इंजिन उपाशी आहे आणि तिथे डिझेलच्या दाबाची शंका घ्यायची. एवढ्या एका निरीक्षणाने कित्येक चुकीचे खर्च वाचतात. सोबत उंचीचाही हिशेब ठेवावा. धडगाव तालुक्यातले तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत साधारण बारा टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेले जुने इंजिन तिथे थोडे मलूल होणारच. तो दोष नाही, निसर्ग आहे. मात्र झटके मारणे किंवा बंद पडणे उंचीमुळे होत नाही.

आता टाकी. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. डिझेल जितके बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. रस्त्याच्या धुळीने ती वाट बुजली, किंवा झाकण हरवले म्हणून तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली, तर टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंप तिच्याशी झुंजत बसतो. लक्षण ठळक आहे. वीस-तीस किलोमीटर गाडी छान चालते, मग मरते, आणि थांबल्यावर हळूहळू हवा शिरली की पुन्हा चालते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोषी सापडला.

घाटातला दुसरा चकवा टाकीतल्या पातळीचा. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकते. टाकी पाव भरलेली असेल आणि ओढणारी नळी पुढच्या बाजूला असेल, तर ती डिझेलऐवजी हवा ओढते. टाकी अर्ध्यावर भरून तोच चढ चढून पाहावा. नळीच्या टोकाची जाळी गंजाने, गाळाने किंवा कॅनमधून आलेल्या प्लास्टिकच्या किसाने भरली असेल, तरी हेच होते.

यानंतरची चाचणी मी सगळ्यांत मोलाची मानतो, कारण तिला लागतो फक्त एक स्वच्छ कॅन आणि दोन नवे पाइप. फीड पंपाला टाकीकडून येणारा पाइप सोडवायचा आणि त्या जागी नवा पाइप लावून त्याचे टोक कॅनमधल्या चांगल्या डिझेलमध्ये बुडवायचे. उरलेले डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडायचा, नाहीतर कॅनमधले डिझेल टाकीत निघून जाईल. कॅन इंजिनाच्या पातळीवर किंवा थोडा खाली ठेवावा. उंच ठेवला तर डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते आणि फीड पंपाचा अशक्तपणा झाकला जातो. कॅन घट्ट बांधून, सायलेन्सरपासून दूर ठेवून, त्याच चढावर गाडी चालवून पाहावी. गाडी नीट ओढू लागली, तर मुख्य पंप, नोझल, इंजिन सगळे निर्दोष ठरले. दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे आणि तो काही पाइप, जाळी, वॉशरच्या खर्चात निघेल. पूर्वीसारखीच मेली, तर टाकीची बाजू सुटली आणि शोध पुढे सरकला.

इथे एक इशारा. डिझेल पेट्रोलसारखे पेट घेत नाही, असा समज आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनबिंदू किमान 35 अंश सेल्सिअस असावा लागतो. खानदेशात मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या पुढे असतो. त्यामुळे कॅन, उघडे पाइप आणि बिडी यांची एकत्र जागा नाही.

कॅनवर गाडी चांगली चालली, तर बहुतेक वेळा हवा हा गुन्हेगार असतो. ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते, कारण तिथून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. पाइप बाहेरून कोरडा दिसतो म्हणून कोणी संशय घेत नाही. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडावा आणि इंजिन चालू ठेवून पाहावे. धावणारे बुडबुडे दिसले की मागे मागे जात जोड तपासायचे. बँजो बोल्टचे जुने तांब्याचे वॉशर, क्लिप ढिली झालेला रबरी पाइप, पाणी काढण्याच्या स्क्रूखालचे रबर, हँड प्रायमरची रिंग. जुना रबरी पाइप बाहेरून ठणठणीत आणि आतून सुजलेला असतो. इंजिन जोरात ओढू लागले की तो आतल्या आत चपटा होतो, म्हणून गाडी आयडलवर ठीक आणि भारावर उपाशी. अशा पाइपला वरून पाहून काही कळत नाही. वय झाले की तो बदलावा, त्याचा खर्च एका भाड्याहून कमी असतो.

सकाळी पहिल्यांदा सुरू होताना त्रास आणि नंतर दिवसभर ठीक, हे वेगळे लक्षण. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरून गेलेले असते, कारण कुठेतरी हवा शिरते किंवा फीड पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सातपुड्यात सपाट जागा शोधावी लागते, त्याचा इथे फायदा करून घ्यावा. एक रात्र गाडीचे तोंड चढाकडे करून ठेवा, दुसऱ्या रात्री उताराकडे. सुरू होण्यात फरक पडला, तर उतरून जाण्याची शंका पक्की झाली.

हाताने दाबून डिझेल चढवायचा हँड प्रायमर तर हाताने वाचायचे मीटर आहे. दाबताना काही वेळाने तो कडक लागला पाहिजे. मऊ, फुसफुशीत लागत राहिला तर आत हवा आहे. दाबल्यावर वर यायला आळस करू लागला तर मागची वाट तुंबली आहे. ज्यांनी विहिरीवर किर्लोस्करचे डिझेल इंजिन चालवले आहे (पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946मध्ये सुरू झाली), त्या पिढीच्या शेतकऱ्यांना ‘हवा काढणे’ शिकवावे लागत नाही. पिकअपमध्येही क्रम तोच : आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत प्रायमर मारायचा, मग पंपाचा स्क्रू, आणि जुन्या इंजिनात शेवटी सेल्फ मारत नोझलचे नट.

फिल्टरबद्दल कंजुषी करू नये. कंपनीच्या पुस्तकातले किलोमीटर डांबरी रस्त्याचे आणि स्वच्छ डिझेलचे आहेत. ज्या पाड्यांवर डिझेल ड्रममधून कॅनमध्ये आणि कॅनमधून टाकीत येते, तिथे फिल्टर लवकर भरणारच. फिल्टर फीड पंपाच्या पुढे असेल तर त्याच्या आधी आणि नंतर गेज लावून दाब पाहावा. आधी दीड किलो आणि नंतर अर्धा, तर वेगळा पुरावा लागत नाही. पावसाळ्यात पाण्याची भर पडते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. फिल्टरखालचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवावे, खाली पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा बुळबुळीत गाळ होतो. तो दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. रॉकेल मिसळलेले डिझेल पातळ असते आणि पंपाला वंगण कमी देते. आज स्वस्त पडले तरी ते पंपाचे आयुष्य खाते. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, तो वापरावा.

हिवाळ्यातली एक गोष्ट सपाटीवरच्या मिस्त्रीला सहसा सुचणार नाही. तोरणमाळ, डाब या भागांत काही वर्षी थंडीत पहाटे दव गोठते. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो आणि गारठ्यात तो घट्ट होऊन फिल्टरवर बसतो. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला 6 अंश आणि उन्हाळी डिझेलला 18 अंश आहे. म्हणजे दिवाळीआधी भरून ठेवलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे दगा देऊ शकते. फक्त पहाटे त्रास, ऊन वर आले की सगळे सुरळीत, असे असेल तर पंप उघडू नका. फिल्टर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकावा. टाकीखाली जाळ मात्र कधीही करू नये.

हे सगळे पार करूनही दाब कमी असेल तर फीड पंप पाहायचा. त्याच्या वाटीत बारीक जाळी असते, ती अनेक वर्षे कोणी उघडलेलीच नसते. ओळीतल्या (इनलाइन) मुख्य पंपावर एक ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग थकली की डिझेल दाब धरण्याआधीच रिटर्नला पळते. हा छोटा, स्वस्त भाग संपूर्ण पंपाची बदनामी करतो. काही वेळ रिटर्न थोडा आवळून गेज पाहावा, दाब चढला तर व्हॉल्व्हच थकलेला. रोटरी पंपात आतला दाब इंजेक्शनची वेळही ठरवतो. तो कमी पडला की इंधन उशिरा पडते, पांढरा धूर येतो आणि ताकद जाते. चावी फिरवल्यावर त्या पंपावरच्या, डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडची ‘टक्’ ऐकू येते का, हेही पाहावे. खडबडीत रस्त्यावर तिथली वायर ढिली होते आणि धक्क्याबरोबर गाडी बंद-चालू होत राहते.

कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे बोलेरो पिकअपच्या एम-टू-डीआयसीआर इंजिनापासून पुढच्या गाड्यांत, टाकी ते फिल्टर हा भाग तसाच आहे आणि वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी लागू होतात. पुढे मात्र जग बदलते. सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल मिळते आणि त्या रेलचा दाब सेन्सर मोजतो. आयडलवर तो साधारण 250 ते 350 बार असतो, पूर्ण भारावर हजाराच्या बराच वर जातो. सेल्फ मारताना तो साधारण दीडशे-दोनशेपर्यंत चढला नाही तर गाडीतला संगणक इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर ‘पी-0087’ हा कोड आला, तर त्याचा अर्थ रेलचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, एवढाच. पंप बदला, असा त्याचा अर्थ नाही. स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी ठेवून पाहावेत. फक्त चढावर मिळालेला आकडा मागे पडत असेल तर आधी फिल्टर आणि ओढणारी बाजू. सेल्फवरच चढत नसेल तर गळती. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना नुसती चावी दिली तर सेन्सरने शून्याच्या आसपास दाखवले पाहिजे. तिथेच तो पन्नास दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे.

इंजेक्टरची गळती पकडायला चार सारख्या बाटल्या पुरतात. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला पाइप लावून वेगळ्या बाटलीत सोडायचा आणि इंजिन काही मिनिटे आयडलवर ठेवायचे. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुप्पट भरली, तर चौथा इंजेक्टर दाब खातो आहे. चारही इंजेक्टर बदलण्याऐवजी एकाच इंजेक्टरवर काम भागते.

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर मिसिंग करतो हे पाहायला चालू गाडीत नोझलचा नट ढिला करायची सवय मिस्त्रींना असते. कॉमन रेलच्या गाडीत ही सवय बोट किंवा हात घेऊ शकते. हजार बारच्या धारेला कातडी अडवू शकत नाही. आत शिरलेल्या डिझेलची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि आतले मांस मरू लागते. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. इंजिन बंद केल्यावर दाब उतरेपर्यंत काही मिनिटे थांबूनच पान्याला हात लावावा. कोणाला अशी धार लागलीच तर मलम-पट्टी करून कामाला लागू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे, कारण त्यावर तातडीची शस्त्रक्रिया लागते.

पेट्रोल इंजेक्शनच्या छोट्या मालगाड्यांची गोष्ट सोपी आहे. त्यांचा दाब साधारण तीन ते साडेतीन बार असतो आणि इलेक्ट्रिक पंप बहुधा टाकीतच असतो. चावी दिल्यावर पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत.

एवढे सगळे करून मुख्य पंपच दोषी ठरला, तर तो रस्त्याकडेला उघडू नये. त्याच्या प्लंजरमधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. धुळीचा एक कण तिथे कायमची रेघ ओढतो. टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच पंप द्यावा, काम झाल्यावर कॅलिब्रेशनचे आकडे लिहून मागावेत आणि काढलेले जुने भागही परत मागावेत.

धडगावच्या चालकांना आणि मालकांना माझी विनंती आहे. आपल्या मिस्त्रींवर विश्वास ठेवा, पण पंप उतरवण्याआधी त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : गाडी कॅनवर चालवून पाहिली का?